लेव्हल कुणी बघायची?

या संवादातले दोघं सख्खे मामा-भाची आहेत आणि दोघांचंही पोट आवाजावर चालतं. मामा सिनेमाच्या सेटवर साउंड रेकॉर्डिस्ट होता. नागरा या टेप रेकॉर्डरवर हात बसलेला, डबिंगचा काळ भोगलेला आणि सिंक साउंड, म्हणजे सेटवरच टिपलेला आवाज, परत आलं तेव्हा धंद्यात चांगला मुरलेला. आता निवृत्त आहे, म्हणजे पैसे न घेता मतं देतो. भाची लोककलांचं ध्वनिमुद्रण करते: जागरण, गोंधळ, भारूड, बायकांची गाणी. बहुतेक वेळा एकटीच जाते. तिला नवं यंत्र घ्यायचं होतं, म्हणून एका मैत्रिणीचं मिक्सप्री-६ टू तिने वापरून पाहायला आणलं आणि मामाच्या कोथरूडच्या घरी टेबलावर मांडलं. मी तिथे होतो. दोघांचं बोलणं खाली देतो आहे. घरगुती टोमणे तेवढे गाळलेत.

यंत्राबद्दल आधी थोडं. ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या साउंड डिव्हायसेस या कंपनीचं. पहिलं मिक्सप्री-६ २०१७ साली आलं, ही दुसरी आवृत्ती २०१९ची. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मोठ्या एक्सएलआर पिनेचे चार माइक लागतात, समोर चार नॉब आणि छोटासा टचस्क्रीन, एका वेळी आठ ट्रॅक. मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच डब्यात. वादाचं मूळ असं की हे यंत्र ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करू शकतं.

मामा: हातात घेतल्यावर बरं वाटलं. अॅल्युमिनियमचं अंग आहे, प्लास्टिकचा खुळखुळा नाही. नॉब फिरवला की बोटाला कळतं. नॉबभोवती हे दिव्याचं कडं आहे, आवाज चढला की रंग बदलतं, तेही छान. पण नॉब फार जवळजवळ आहेत गं. माझ्या बोटांना दोन नंबरचा फिरवताना तीन नंबरचा लागतो.

भाची: तुझी बोटं जुन्या मिक्सरच्या मापाची आहेत.

मामा: आहेतच. आणि हे बघ, लो-कट, फँटम, सगळं स्क्रीनच्या पोटात. आमच्या मिक्सरवर प्रत्येक कामाला वेगळा खटका होता. डोळे नटावर, कान हेडफोनमध्ये, बोटं खटक्यावर. इथे वारा सुटला आणि लो-कट लावायचा म्हटलं तर मान खाली घालायची, चष्मा लावायचा, मेनू उघडायचा. तोवर वारा पडेल.

भाची: निघायच्या आधी लावून ठेवायचं. सेटिंग साठवता येतं. आणि माझ्यासमोर नट नसतोच मामा, त्यामुळे मान खाली गेली तरी कुणी रागावत नाही.

मामा: बरं. मग तुला यातलं आवडलं काय, ते सांग.

भाची: लेव्हलची भीती गेली.

इथे मामाने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. जुन्या रेकॉर्डिस्टने हेडफोन काढला की समजायचं, बोलणं लांबणार.

मामा: भीती कशाला म्हणतेस? तेच तर काम आहे. नागराच्या तोंडावर काट्याचा मीटर असायचा, मॉड्युलोमीटर म्हणायचे त्याला. कुजबुज कुठवर उचलायची, किंकाळीला वर किती जागा ठेवायची, हे काही तो काटा सांगायचा नाही. ते सीन वाचून ठरायचं. मला माहीत असायचं की तिसऱ्या वाक्याला ही बाई ओरडणार आहे. ती ओरडायच्या आधी श्वास घेते. तो श्वास हेडफोनमध्ये आला की माझी बोटं गेन खाली आणायची. हे जमायला माणूस ऐकत असावा लागतो. लेव्हल बघायचीच नाही म्हटलं की ऐकण्याचं कारणच संपलं.

भाची: तुझ्याकडे स्क्रिप्ट होती. माझ्यासमोरचा गोंधळी खालच्या आवाजात कथा सांगत असतो, यजमानाची चेष्टा करत असतो, लोक हसत असतात, आणि दुसऱ्या क्षणाला संबळावर काठी पडते. ती कधी पडणार हे त्यालाही आधी माहीत असतं की नाही, कोण जाणे. आणि 'परत एकदा, जरा हळू' असं मी त्याला म्हणू शकत नाही. देवीसमोर उभा आहे तो, माझ्यासमोर नाही. तिथे दुसरा टेक नसतो.

मामा: म्हणून लेव्हल खाली धरायची. २४ बिटला १४४ डेसिबलचा पल्ला आहे. संबळाला जागा ठेव, कथा मागाहून उचल. सोळा बिटच्या काळात ९६ डेसिबलमध्ये संसार करावा लागायचा, ती खरी कसरत.

भाची: १४४ कागदावर. आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर एकच असेल तर प्रत्यक्षात १२०च्या आसपास थांबतो, आणि तळाशी धरलेली कथा उचलली की तिच्याबरोबर यंत्राची सळसळही वर येते. दोन्ही सांभाळायचं म्हणजे सगळी रात्र डोळे मीटरवर. तू म्हणतोस लेव्हल बघतो तो ऐकतो. माझा अनुभव उलटा आहे. मीटर बघत बसले की कथेतलं निम्मं माझ्या डोक्यात शिरतच नाही. घरी येऊन ऐकते तेव्हा कळतं, अरे, हा काय बोलला होता, तेव्हाच विचारायला हवं होतं.

मला तिचं हे म्हणणं महत्त्वाचं वाटलं आणि मामालाही वाटलं असावं, कारण तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने रास्त प्रश्न विचारला: हे फ्लोट प्रकरण नक्की करतं काय?

भाची: आकडा दोन हिश्शांत लिहितं. चिन्हासकट २४ बिट नेमक्या अंकांना, आणि आठ बिट ते अंक किती पटीने मोजायचे त्याला. त्यामुळे मीटरवरच्या शून्याच्या वर गेलेला आवाजही फाइलमध्ये शाबूत राहतो. मागाहून खाली ओढला की आकार परत मिळतो. कागदावर पल्ला पंधराशे डेसिबलच्या वर जातो, पण त्या आकड्याला अर्थ नाही, एवढा आवाज पृथ्वीवर नाही. खरं काम कन्व्हर्टर करतात. एका इनपुटला एकापेक्षा जास्त कन्व्हर्टर असतात, बारीक आवाजाला वेगळा आणि मोठ्याला वेगळा, आणि त्यांचं मोजमाप सांधून एक फाइल होते. या यंत्राचा पल्ला कंपनी १४२ डेसिबल सांगते.

मामा: कंपनी सांगते. आपण लावून बघू.

मामाने कपाटातून स्वतःचा माइक काढला, सेनहायझरचा ४१६. लांबोडका, काळा, जाळीवर रंग उडालेला. पावसाळ्यात कोकणातल्या शूटिंगला दुसरे माइक दमटपणाने कुरकुरायला लागतात तेव्हा हा चालतो, अशी त्याची धंद्यात ख्याती आहे आणि ती खरी आहे. त्याची आतली रचनाच तशी, रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालणारी. भाचीने माइक तोंडापासून दीड फुटावर ठेवला, गेन कुजबुजीला पुरेल एवढा वर नेला आणि पेपरातली एक बातमी अगदी हळू वाचायला लागली. मामाने देवघरातल्या आरतीच्या झांजा आणल्या आणि वाक्य अर्ध्यावर असताना माइकसमोर सगळा जोर लावून आपटल्या. नॉबभोवतीचं कडं लालभडक.

लॅपटॉपवर फाइल उघडली तेव्हा झांजेच्या जागी नुसती सपाट भिंत दिसत होती. वरचं आणि खालचं टोक कापलेलं, धंद्याच्या भाषेत फाटलेला आवाज. भाचीने तेवढा तुकडा निवडून वीस डेसिबलने खाली घेतला. भिंत विरघळली आणि आत झांजेची पूर्ण लाट निघाली: पहिला तडाखा, मग ती लांबत जाणारी थरथर, शेपटीपर्यंत धडधाकट. शेजारी कुजबुजही स्पष्ट, शब्दन् शब्द. मामाने ते परत परत ऐकलं. तोंडाने काही म्हणाला नाही.

मामा: आता माइक तिकडे दाराशी ठेव. बारा फूट. आणि तशीच वाच.

तिने ठेवला, वाचलं, फाइल उघडली. आवाज तळाशी होता. तिने तो वर उचलला, कुजबुज पहिल्याइतकी मोठी होईपर्यंत. शब्द कळत होते. पण त्यांच्याबरोबर पंखा आला, फ्रिजची घरघर आली, समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज आला आणि खाली गल्लीत कुणीतरी किका मारून स्कूटर सुरू करत होतं, तेही आलं.

मामा: दीड फुटाचे बारा फूट म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं. उघड्यावर दर दुपटीला सहा डेसिबल जातात. खोलीत भिंती थोडं परत देतात, पण ते परत दिलेलं म्हणजेच घुमणं. तुझ्या ३२ बिटने तो पंखा किती सुंदर रेकॉर्ड केलाय बघ.

भाची: मी कधी म्हटलं की माइक कुठेही ठेवला तरी चालतो?

मामा: तू नाही म्हणालीस. पण ही यंत्रं ज्या तोऱ्यात विकली जातात, त्यातून पोरं तेच उचलतात. झूमचं ते एफ-३ आलंय २०२२ साली, त्यावर गेनचं बटणच नाही म्हणे.

भाची: नाही. दोन माइक लावायचे आणि लाल बटण दाबायचं. पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्यांना ते फार सोयीचं आहे.

मामा: पक्ष्यांना असेल. आता तुझा तो वायरलेसचा लेपल लाव. कॉलरला लाव आणि ओरड.

भाचीने लेपल लावला, ट्रान्समीटर कमरेला अडकवला आणि घराण्याला शोभेल अशी आरोळी ठोकली. फाइलमध्ये आवाज फाटलेला होता. खाली ओढला तरी फाटलेलाच राहिला. मामाला हे आधीच ठाऊक होतं. आवाज ट्रान्समीटरमध्येच फाटला होता. यंत्रापर्यंत पोचला तो फाटका होऊन. ४१६चंही तेच आहे, १३० डेसिबलच्या पुढे माइक स्वतःच हात टेकतो, मग मागे कितीही बिट असोत. ढोल-ताशा पथकाच्या पहिल्या रांगेसमोर उभं राहून माइक धरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मामा: म्हणजे हिशेब असा झाला. यंत्र तुझी एक चूक पोटात घालतं, गेनची. माइक कुठे धरला, कुठल्या दिशेला धरला, वाऱ्याला केसाळ टोपी घातली की नाही, लेपल साडीच्या पदराला घासतोय का, या चुका ते जशाच्या तशा लिहून ठेवतं. उलट जास्त बारकाईने.

भाची: हिशेब मान्य. पण तीच एक चूक माझं डोकं खात होती. ती गेली तर उरलेलं डोकं मी माइक नीट धरायला वापरीन. तू असं का धरून चालतोस की वाचलेलं लक्ष वायाच जाणार?

मामा: कारण मी माणसं बघितली आहेत.

भाची: सेटवरची. तिथे साउंडला कुणी विचारत नाही म्हणून रेकॉर्डिस्ट कंटाळतो.

हे मात्र मामाला लागलं. त्याच्या उमेदीच्या काळात हिंदी-मराठी सिनेमात कॅमेराच इतका घरघरायचा की लोकेशनवरचा आवाज म्हणजे पायलट ट्रॅक, डबिंगला नटांना आधार म्हणून. सिनेमा लागला की त्यातलं एक अक्षरही ऐकू यायचं नाही. २००१ साली 'लगान' सिंक साउंडवर झाला आणि हळूहळू वारं फिरलं. मराठीत पुढे 'ख्वाडा'ला २०१४ सालच्या चित्रपटांमधून लोकेशन साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धनगरांची गोष्ट, उघडा माळ, वारा आणि मेंढरं: रेकॉर्डिस्टची परीक्षा पाहणारं सगळं एका जागी.

मामा: सिंक साउंड कशाने जमलं सांगू? बिटने नाही झालं. माणसांनी झालं. एक रेकॉर्डिस्ट गाडीशी बसलेला आणि एक बूमवाला फ्रेमच्या कडेला हात दुखेस्तोवर उभा. बूमवाला नटाबरोबर चालतो, वळतो, त्याच्या तोंडासमोर माइक राखतो. आवाज चांगला लागायला दुसरा माणूस लागतो. तुम्ही दुसऱ्या माणसाच्या जागी हा डबा आणला.

भाची: दुसऱ्या माणसाचा पगार कोण देणार? तू?

मामा: मी येईन की.

भाची: तू आलास तर बायका गाणार नाहीत.

ती हे हसत म्हणाली, पण पुढे जे म्हणाली ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

भाची: माजघरात, जात्याशी किंवा निवडायला टिपायला बसलेल्या बायका जे गातात, ते बाहेरचा पुरुष, त्यातून हेडफोन घातलेला आणि हातात काठी धरलेला, समोर उभा राहिला की बंद होतं. मग एखादी पाठ असलेली आरती म्हणतात आणि 'झालं, एवढंच येतं' म्हणतात. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामात गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. ध्वनिमुद्रित झाल्या त्यातल्या थोड्याच. कागद-पेन्सिल माजघरात शिरते तितक्या सहज यंत्र शिरत नव्हतं. हे अर्ध्या किलोचं माझ्या मांडीवर राहतं. माइक धान्याच्या डब्याला टेकवून ठेवते. आवाज तुझ्या दर्जाचा नसेल, पण गाणं खरं असेल.

मामा: आणि त्यांना माहीत असतं, चालू आहे ते?

भाची: विचारूनच चालू करते.

मामा: विचारतेस, मान्य. पण हा विचार कर. आमचा सरंजाम एवढा मोठा की कुणाला विसर पडायचा नाही. नागरा मोठ्या सेलसकट सहा-सात किलोचा, रिळं फिरताना दिसायची. साडेसात इंचाच्या स्पीडवर पाच इंची रीळ पंधरा-सोळा मिनिटांत संपायचं, मग बदलायला थांबायचं. त्या थांबण्यात लोक भानावर यायचे, चहा व्हायचा, 'ते मघाशी बोललो ते काढून टाका हं' म्हणायचे. तुझा डबा रात्रभर थांबत नाही. तासाभराने कुणालाच आठवत नाही की तो चालू आहे. मग एखादी बाई सासूबद्दल बोलते. तिने परवानगी गाण्याची दिली होती.

भाचीने यावर लगेच उत्तर दिलं नाही. नंतर म्हणाली की ती गाणं संपलं की बंद करते. मामाने विचारलं, "आणि आधीचे दहा सेकंद?" हे त्याने मघाशी मेनू चाळताना पाहून ठेवलं होतं. यंत्रात प्री-रोल आहे: लाल बटण दाबायच्या आधीचे दहा सेकंदांपर्यंतचे आवाज ते सतत धरून ठेवतं आणि बटण दाबलं की फाइलच्या सुरुवातीला जोडतं. अवचित सुरू झालेलं गाणं पहिल्या शब्दापासून मिळतं, ही त्याची सोय. बटण दाबायच्या आधीचं बोलणंही मिळतं. भाचीने प्री-रोल बंद केलं. तासाभरात मामाचं म्हणणं तिने काही न बोलता ऐकलं ते एवढंच.

मामा: आता माझी खरी तक्रार. याच्या नावात मिक्स आहे. तुम्ही मिक्स करता का?

भाची: सगळे माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. नंतर करता येतो.

मामा: नंतर! हा शब्द या यंत्रांबरोबर फुकट मिळतो वाटतं. मिक्सर म्हणजे काय? चार माइक उघडे आहेत, बोलतोय एक. बाकी तीन खाली घ्यायचे, त्याचा संपत आला की पुढच्याचा उघडायचा, हळूच, कुणाला कळू न देता. संध्याकाळी एडिटरच्या हातात दोन ट्रॅक पडायचे आणि ते ऐकता यायचे. आता आठ ट्रॅकची फाइल जाते, सगळे नॉब एका जागी गोठलेले. एडिटर एक ट्रॅक ऐकतो आणि बाकीचे म्यूट करतो. तुझ्याकडे घरी किती डिस्क पडल्यात न ऐकलेल्या?

भाची: आहेत.

मामा: किती?

भाची: आहेत म्हटलं ना. पण हे तू यंत्राच्या माथी मारू नकोस. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर देशभरच्या भाषा मुद्रित झाल्या, मराठीसुद्धा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. माणूस यायचा, ठरलेला मजकूर म्हणायचा, संपलं. त्या सगळ्या ऐकता येतात, कारण त्या थोड्या आहेत. पण त्यात एकही माणूस अडखळून थांबलेला, विसरून परत मागे गेलेला नाही. माझ्या न ऐकलेल्या डिस्कवर तो आहे. आज ना उद्या कुणीतरी ऐकेल.

मामा: कोण?

भाची: असेल कुणीतरी.

मामा: तू ऐकलं नाहीस, दुसरा कशाला ऐकतोय? मिक्स करत असतीस तर ते तिथल्या तिथे एकदा तरी पूर्ण ऐकलं गेलं असतं. चार नॉब दिलेत त्या लोकांनी. त्यांना हात लाव.

माझ्या मते या वादात मामाचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच होता. ३२ बिटवर त्याची नाराजी काही अंशी वयाची आहे. झांजेचा तुकडा ऐकताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. पण मिक्सर हातात असून मिक्स न करणं ही सवय खरीच पसरली आहे. या यंत्रावर वेगवेगळे ट्रॅक आणि डावा-उजवा मिक्स दोन्ही एकदम रेकॉर्ड होतात, म्हणजे मिक्स चुकला तरी मूळ ट्रॅक शाबूत. मामाच्या नागरावर ही मुभा नव्हती, तिथे चुकला तो चुकला. इतकी सोय असताना नॉबला हात न लावणं याला आळसच म्हणायचं. भाचीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, एका हातात बूम, दुसऱ्या हातात वही, नॉब काय कोपराने फिरवू? तेही खरं.

मग बॅटरीवर बोलणं आलं आणि तिथे दोघांचं एकदम जमलं. यंत्राबरोबर येणाऱ्या पाळण्यात चार पेन्सिल सेल बसतात. फँटमवर, म्हणजे यंत्राकडूनच वीज घेऊन, चालणारे माइक लावले की हे सेल फार वेळ तग धरत नाहीत, गावात रात्र काढायची तर त्यांच्या भरवशावर जाऊच नये. वेगळा पाळणा घेऊन सोनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जाड बॅटऱ्या दोन लावता येतात, त्या बऱ्यापैकी कुठेही मिळतात. यूएसबी-सीवरही चालतं. कार्ड मात्र एकच. झूमच्या एफ-८ मध्ये दोन कार्डं बसतात, इथे दुसऱ्या प्रतीसाठी यूएसबी पेन ड्राइव्ह खोचायचा, यंत्र आपोआप त्यावर नक्कल करतं. मामाला ती नक्कल आवडली. "आमच्या वेळी रीळ एकच असायचं आणि ते पोचवायला प्रॉडक्शनचा पोऱ्या," एवढं म्हणून तो त्या आठवणीत फार गेला नाही.

भाची: मग घेऊ की नको?

मामा: माइक कुठला आहे तुझ्याकडे?

भाची: आहे एक. साधाच आहे.

मामा: मग आधी माइक. हा डबा इथे येईस्तोवर लाखाच्या पुढे जातो. पाच वर्षांनी दुसरा डबा येईल, त्यात ६४ बिट असतील आणि तू मला परत झांजा वाजवायला लावशील. माझा ४१६ नागराला लागला, पहिल्या डिजिटल यंत्राला लागला, आज तुझ्या फ्लोटलाही लागला. चांगला माइक, कार्बनचा बूम, वाऱ्याची टोपी. उरलेल्या पैशात साधं दोन ट्रॅकचं काहीतरी.

भाची: साधं म्हणजे ज्यावर लेव्हल बघत बसावी लागेल ते.

मामा: हो.

भाची: मग गोंधळ्याची कथा पुन्हा निम्मीच ऐकीन.

मामा: माइक माझा ने. डबा घे.

सौदा असा ठरला. अटी दोन्हीकडून होत्या. मामाची अट, लेव्हल २४ बिट असल्यासारखीच लावायची, शिखरं शून्याच्या दहा-बारा डेसिबल खाली राहतील अशी, आणि फ्लोट नुसता अपघातासाठी राखून ठेवायचा. भाचीने ही अट बाकीच्या कामापुरती मान्य केली, गोंधळाला नाही. तिची अट, मामाने तिच्या न ऐकलेल्या डिस्क ऐकायच्या आणि कुठे काय आहे ते लिहून काढायचं. त्याने "बघू" म्हटलं.

माझं मत विचाराल तर, जे पुन्हा घडणार नाही असं काही तुम्ही एकटे टिपत असाल, तर हे यंत्र घ्या, पैसे वसूल आहेत. बूमवाला सोबत असेल आणि दुसरा टेक मिळत असेल, तर मामाचं ऐका आणि आधी माइक घ्या. दोन्ही वेळा हेडफोन घातलेलाच असू द्या. आणि कार्ड मोठं घ्या: ३२ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चार माइक आणि दोन मिक्स मिळून सहा ट्रॅक तासाला चार जीबीच्या थोडं वर जातात, म्हणजे आठ तासांच्या जागरणाला तेहतीस-चौतीस जीबी.